ऐकणाऱ्यांची जबाबदारी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्या सरांचा एक आग्रह असायचा. व्याख्यात्यानं नुसतं सांगून जाऊ नये, श्रोत्यांकडे काहीतरी मागावं. मी आज मागणार आहे. काय, ते थोडं पुढं सांगते.

दारू पिणारा माणूस आम्हा समुपदेशकांकडे उपचाराला येतो तेव्हा सहसा एकटा येत नाही. बरोबर बायको असते, भाऊ असतो, कधी म्हातारी आई असते. खुर्चीवर बसतो तो, आणि बोलतात बाकीचे. किती वर्षं पितोय, काय काय विकलं, कोणाच्या लग्नात काय तमाशा केला, मुलाच्या फीचे पैसे कुठं गेले. तो मान खाली घालून ऐकतो. मधेच त्याला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" तर म्हणतो, "सांगतायत ते खरंच आहे."

खरंच असतं ते. त्यातला एक शब्दही खोटा नसतो. पण विचार करा, एखाद्याच्या चाळीस वर्षांच्या आयुष्यातून फक्त दारूचे प्रसंग वेचून काढले, एकापुढं एक मांडले, आणि त्यालाच त्याचं चरित्र म्हटलं, तर तो माणूस त्यातून बाहेर कुठून पडणार? गोष्ट दुसऱ्यांनी लिहिली आहे, खाली सही त्याची आहे. आणि शेवट काय होणार, तेही सगळ्यांना आधीच ठाऊक आहे.

ही गोष्ट बदलता येते का? आणि बदलली, तर त्याची दारू सुटायला मदत होते का? आजचा विषय एवढाच आहे. या पद्धतीला नॅरेटिव्ह थेरपी म्हणतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते, कारण इथं गैरसमज झाला तर जीव जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद केली तर त्याला कंप सुटतो, फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो. नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. तिथं डॉक्टर लागतो, औषध लागतं, बी-वन जीवनसत्त्व लागतं. गर्द ओढणाऱ्याच्या टर्कीतही, म्हणजे गर्द बंद केल्यावर होणाऱ्या त्रासातही, डॉक्टर लागतो. त्याच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत, ती द्यायलाच हवीत. गोष्ट बदलून कोणाचा कंप थांबत नाही. मी बोलते आहे ते त्यानंतरच्या काळाबद्दल. शरीरातली दारू उतरलेली आहे, माणूस घरी परतला आहे, आणि घर, गल्ली, नाका, सगळं जिथल्या तिथं आहे.

त्यातही इथवर पोचतात किती? केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी. त्यातले ५.७ कोटी असे, की ज्यांचं पिणं घातक आहे किंवा ज्यांना दारूशिवाय राहवत नाही. आणि असं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कसला तरी उपचार मिळालेला. उरलेले ३७ जण कुठं आहेत? आपल्या आसपासच आहेत. त्यांच्यापर्यंत समुपदेशक पोचलेला नाही, पण नाव मात्र पोचलेलं आहे. बेवडा. गर्दुल्ला. वाया गेलेला.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात मायकेल व्हाइट नावाचे समाजकार्यकर्ते होते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला डेव्हिड एप्स्टन. दोघं मित्र. कुटुंबांबरोबर काम करता करता १९८०च्या दशकात त्यांनी ही पद्धत उभी केली, १९९० साली त्यावर दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं. व्हाइट २००८ साली गेले. त्यांचं मूळ सूत्र साधं आहे. माणूस म्हणजे समस्या नव्हे. समस्या म्हणजे समस्या. दोन्ही वेगळी ठेवा आणि मग बोला.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. आपण विचारतो, "तुम्ही का पिता?" या प्रश्नाला आजवर कोणी खरं उत्तर दिलंय? एक तर सबब मिळते, नाहीतर मौन. तोच प्रश्न फिरवून विचारा. दारू तुमच्याकडून काय काय करून घेते? ती येते कधी, एकटी येते की पगाराच्या दिवसाला सोबत घेऊन येते? कानात काय सांगते? "एकच घे, कोणाला कळणार नाही" असं सांगते, की "तुला कोण विचारतंय, घे" असं सांगते? घरातलं कोण तिला आवडत नाही? कोण समोर असलं की तिचं चालत नाही? इथं माणूस मान वर करतो. कारण आता तो आरोपी राहिलेला नाही, माहीतगार झाला आहे. दारूचे डावपेच त्याच्याइतके या खोलीत कोणालाच ठाऊक नाहीत.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. एकदा एका कार्यक्रमात एक बाई उठून म्हणाल्या, "म्हणजे मारलं दारूनं, आणि हा मोकळा?" त्यांच्या आवाजातला राग मला समजला. मी त्यांना जे सांगितलं तेच इथं सांगते. समस्या वेगळी काढायची ती माणसाला सोडवण्यासाठी नव्हे, त्याला तिच्यासमोर उभं करण्यासाठी. "मी आहेच असा" म्हणणाऱ्याकडून जबाबदारीची अपेक्षा कशी करणार? जो आहेच असा, तो बदलणार कसा? पण दारू वेगळी आणि तो वेगळा झाला, की पुढचा प्रश्न विचारता येतो. ती तुमच्या घरात शिरते हे तुम्हाला मान्य आहे का? नसेल, तर का नाही? तिला दार कोण उघडतं? शिवाय मारहाण ही दारूच्या खात्यावर टाकायची गोष्टच नाही. पिऊनही साहेबासमोर हात आवरणारा माणूस घरी आल्यावर हात उगारतो, तेव्हा त्यात दारूबरोबर नवरेपणाचा हक्कही बोलत असतो. त्या हक्काची चौकशी वेगळी करावी लागते, आणि बायकोची सुरक्षितता पाहून करावी लागते. व्हाइट यांनी पुरुषांच्या हिंसेवर वेगळं काम केलं ते याच जाणिवेतून.

समस्या माणसाच्या बाहेर आणून ठेवली की आणखी एक गोष्ट दिसू लागते. तिचा धंदा कोण करतो. निवडणुकीत ती कोण वाटतं. गडचिरोलीतल्या बायाबापड्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. एकेका नवऱ्याला सुधारत बसण्यापेक्षा त्यांनी दारूलाच समोर घेतलं, आणि मोठ्या चळवळीनंतर १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. बंदीनं सगळं सुटतं असं नाही, म्हणून पुढं २०१६ पासून तिथं 'मुक्तिपथ' हे व्यसनमुक्तीचं वेगळं काम उभं राहिलं. पण दोष कुठं ठेवायचा हे ज्यांना इतकं नेमकं कळलं, त्यांच्याकडून आम्ही समुपदेशकांनी शिकायला हवं.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या जागेशी थोडं थांबायचं आहे. समस्या बाजूला ठेवली, पुढं काय? पुढं शोधायचे ते अपवाद. ज्या ज्या वेळी दारूनं बोलावलं आणि हा गेला नाही, ते क्षण. कितीही पिणाऱ्याच्या आयुष्यात ते असतात. फक्त गोष्टीत बसत नाहीत म्हणून कोणी मोजलेले नसतात.

उदाहरण देते. हा कोणी एक माणूस नाही. चार-पाच जणांच्या बोलण्यातून मी तो तुमच्यासाठी जुळवला आहे. वर्कशॉपमध्ये काम करणारा, वय पंचेचाळीस. बायको सांगता सांगता सहज बोलून गेली, "पोरीची दहावी होती तेव्हा तेवढे दिवस नीट होते, नंतर परत सुरू." वाक्य संपलं, सगळे पुढं गेले. आम्ही तिथंच थांबलो.

"ते दिवस कसे गेले?"

"त्यात काय, परीक्षा होती म्हणून."

"त्या दिवसांत दारूनं बोलावलं नाही?"

"बोलावलं की. येण्याचा रस्ताच गुत्त्यावरून आहे."

"मग?"

"रस्ता बदलला. कालव्यानं यायचो."

"तो जवळ पडतो?"

"छे, लांब पडतो. अर्धा तास जास्त. सायकल आहे माझी."

बघा, पंधरा वर्षं पिणारा माणूस दिवसभराच्या कामानंतर अर्धा तास जास्त सायकल मारत होता, आणि त्याच्या बायकोनं, भावानं, त्यानं स्वतःसुद्धा त्याला "त्यात काय" म्हटलं होतं. हे त्यात काय आहे? याला योजना म्हणतात. याला मनाशी केलेला निश्चय म्हणतात. पण मी हे त्याला सांगितलं तर ते माझं कौतुक होईल, आणि कौतुक बसस्टॉपपर्यंतही टिकत नाही. त्यामुळं सांगायचं नाही, विचारायचं. लांबच्या रस्त्यानं जायचं कुठून सुचलं? मुलीसाठी काहीतरी जपायचं होतं, ते काय? हे जपणं तुमच्यात कधीपासून आहे? आणि मग एक प्रश्न, जो व्हाइट यांच्या शिष्यांना फार प्रिय आहे: तुम्ही असा रस्ता बदललात हे कळल्यावर ज्याला मुळीच नवल वाटणार नाही, असं तुमच्या ओळखीचं कोण आहे?

तो बराच वेळ गप्प राहतो. "आत्या. पण ती गेली." का नाही वाटणार नवल आत्याला? "लहानपणी शेळ्या राखायला जायचो. एक शेळी चुकली तर अंधार पडला तरी परतायचो नाही. ती म्हणायची, हा सोडून येणारा नाही."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी सांगितलं होतं की गोष्टीला दोन अंगं असतात. काय घडलं हे एक, आणि त्या वेळी ते करणाऱ्याच्या मनात काय होतं हे दुसरं; त्यातूनच तो कोण आहे हे दिसतं. शेळीची रात्र आणि कालव्याचा रस्ता यांच्यात तीस-पस्तीस वर्षांचं अंतर आहे, पण दोन्ही एका धाग्यात आली की "सोडून न येणारा" माणूस उभा राहतो. हा खोटा नाही, रंगवलेला नाही. तो होताच. दारूच्या गोष्टीत त्याला जागा नव्हती, इतकंच.

एप्स्टन अशा भेटीनंतर पत्रं लिहीत. आम्हीही लिहितो, साध्या मराठीत, अर्ध्या पानाचं. 'आज तुम्ही कालव्याच्या रस्त्याबद्दल सांगितलंत. आत्या तुमच्याबद्दल काय म्हणायची तेही सांगितलंत. गेल्यावर मी विचार करत राहिले की पहिल्या दिवशी वळणावर सायकल फिरवताना तुमच्या मनात काय आलं असेल. पुढच्या वेळी सांगाल का?' उपदेश नाही, शाबासकी नाही. ही पत्रं लोक रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवतात. सरकारी नोटिशीशिवाय, बँकेच्या तगाद्याशिवाय त्यांच्या नावानं आलेला तो पहिलाच कागद असतो.

आणि काही वेळा त्यांनाच पत्र लिहायला सांगतो, दारूला. अमेरिकेत जोनाथन डायमंड यांनी २००० साली आपल्या पुस्तकात ही वाट मांडली. लोकांना वाटतं, आता शिव्या येतील. येतातही. पण त्याआधी येतं ते वेगळंच. 'बाप गेला तेव्हा तूच होतीस.' 'साहेबानं सगळ्यांसमोर बोललं, त्या रात्री तुझ्यामुळं झोप लागली.' हे ऐकवत नाही, पण ऐकायला हवं. दारू सोडणाऱ्या माणसाची सोबत तुटलेली असते. तिचं दुःख करायची मुभा आपण त्याला देत नाही. आनंदी राहा म्हणतो, मग तो एकट्यानं दुःख करतो, आणि ते कुठं बसून करतो हे तुम्हाला माहीत आहे.

आता माझ्या मागणीकडे येते.

१९१९ साली गंधर्व नाटक मंडळीनं 'एकच प्याला' रंगभूमीवर आणलं. ते लिहिणारे राम गणेश गडकरी तेव्हा हयात नव्हते. शंभराहून अधिक वर्षं आपण ते नाटक पाहतो, वाचतो, त्याच्यावर रडतो. आपल्याला आठवतं काय? सुधाकरचा पहिला प्याला, त्याला प्यायला लावणारा तळीराम, त्याची बायको सिंधू हिचे हाल, विषाचा शेवट. मधला एक भाग आपण विसरतो. सुधाकर दारू सोडतो. खरोखर सोडतो. आणि पुन्हा उभं राहण्यासाठी काम मागायला जातो, तेव्हा पदरी अपमान येतो. तिथून तो परत प्याल्याकडे वळतो. गडकऱ्यांनी हे लिहून ठेवलं आहे, आणि आपण धडा कुठला घेतला? की पहिला प्याला घेऊ नये. शेवटचा प्याला कोणामुळं घेतला गेला, हा प्रश्न कोणी विचारला?

नवी गोष्ट एकट्याला जगता येत नाही. ती खरी मानणारे दोन-चार लोक लागतात. मानवशास्त्रज्ञ बार्बरा मायरहॉफ यांनी कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस इथल्या म्हाताऱ्या ज्यू लोकांचा अभ्यास केला. त्यांच्या लक्षात आलं की ज्यांच्याकडे जग बघत नाही, ती माणसं आपण कोण आहोत हे दाखवण्याचे प्रसंग स्वतःच घडवून आणतात. व्हाइट यांनी ही कल्पना उचलली आणि उपचाराच्या खोलीत साक्षीदार बोलावले.

तर माझं मागणं हे. तुमच्यातल्या काहींनी साक्षीदार व्हावं. त्याला शिक्षण लागत नाही, शिस्त लागते. माणूस आपली गोष्ट सांगतो, तुम्ही ऐकता, आणि मग चारच गोष्टींवर बोलता. त्याचे कोणते शब्द मनात अडकले. ते ऐकताना त्याच्या आयुष्याचं कसं चित्र डोळ्यांपुढं आलं. तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं काय जागं झालं. आणि हे ऐकून तुम्ही कुठं पोचलात, जे ऐकलं नसतं तर पोचला नसतात. सल्ला द्यायचा नाही. "छान, असंच चालू ठेवा" म्हणायचं नाही. "आमच्या चुलत्यानं तर" असं सुरू करायचं नाही. आपल्याला हे फार कठीण जातं, कारण व्यसनी माणूस समोर आला की आपोआप आपल्या बोलण्याला उंची येते.

महाराष्ट्रात याची बीजं आधीपासून आहेत. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी मदतीचा हात दिला. पुढं तिथून बरे झालेलेच अनेक जण तिथं कामाला लागले. दारू सोडल्याला वर्ष झालं की वाढदिवस होतो, घरचे येतात, लोक बोलतात. त्यांनी त्याला नॅरेटिव्ह थेरपी म्हटलं नाही, म्हणायची गरजही नव्हती. पण साक्षीदार म्हणजे काय हे कोणाला बघायचं असेल, तर असा वाढदिवस बघावा.

याच जागी एक वाद आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, जी १९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून सुरू झाली, तिच्या सभेत माणूस उभा राहून म्हणतो, "मी अल्कोहोलिक आहे." आणि ही पद्धत म्हणते, तू म्हणजे समस्या नव्हेस. मग खरं कोणतं? माझं मत असं की तेच वाक्य कोण म्हणतो आणि कोणासमोर, यावर सगळं आहे. जिथं प्रत्येकजण स्वतःबद्दल तेच म्हणतो, त्या खोलीत ते वाक्य माणसाला आधार देतं. दारात उभं राहून दुसऱ्यानं म्हटलं की तेच वाक्य शिक्षा होतं. सभेचा ज्याला फायदा होतोय, त्याची सभा सोडवू नये. डायमंड यांनीही दोन्ही हातात हात घालून चालवलं.

पुरावा किती, हे विचाराल तर सरळ सांगते. व्यसनावर आज ज्यांचा भरपूर अभ्यास झाला आहे त्या पद्धती वेगळ्या आहेत: औषधं, प्रेरणा जागवणाऱ्या मुलाखती, विचार-वर्तन पद्धती. नॅरेटिव्ह थेरपीवरचे अभ्यास त्यामानानं थोडे आणि लहान आहेत. पण गोष्टीचा परिणाम होतो, हे दिसलेलं आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनलॉप आणि जेसिका ट्रेसी यांनी नुकतीच दारू सोडलेल्यांना शेवटच्या पिण्याची गोष्ट सांगायला लावली. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या सांगण्यात 'त्यातून मी बदललो' हा धागा होता, ते काही महिन्यांनी न पिता राहिलेले असण्याची शक्यता जास्त निघाली.

आणि घसरणीचं काय? मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लेट यांनी १९८५ सालीच मांडलं होतं की एक पेग माणसाला जितका पाडतो, त्याहून जास्त पाडतं ते त्यानंतरचं वाक्य: 'आता संपलं, मी असाच.' म्हणजे पुन्हा जुनी गोष्ट. व्हाइट दारू सोडण्याकडे स्थलांतरासारखं बघत. गाव सोडलं, नवी जागा अजून आपली झाली नाही, या मधल्या काळात परत जावंसं वाटतं, आणि ते वाटणं निघाल्याचीच खूण असते. म्हणून ते आधीच कागदावर आलेख काढून ठेवत, खाली जाणारी रेषसुद्धा. आमचे लोक हा कागद घरी नेतात. पाचव्या आठवड्यात कोसळल्यासारखं झालं की बायको तो काढून दाखवते, "हे बघा, इथं आहोत आपण."

बायकोचं नाव निघालं, म्हणून शेवटचं. नवऱ्याच्या नव्या गोष्टीवर विश्वास ठेवणं तिच्यावर बंधनकारक नाही. तिनं अशा गोष्टी पूर्वी ऐकल्या आहेत, आईच्या शपथेसह ऐकल्या आहेत. "मला त्याचं पत्र वाचायचं नाही" असं ती म्हणाली तर तो तिचा हक्क आहे. मुक्तांगणात बायकांसाठी 'सहचरी' हा गट आहे, तो याच समजुतीतून. आम्हीही त्या वेळी त्याला बाहेर बसायला सांगतो आणि तिला विचारतो, इतक्या वर्षांत तुम्ही काय काय वाचवलंत? मग निघतं. तांदळाच्या डब्यातली भिशी. शेजारणीकडे ठेवलेलं मंगळसूत्र. मुलांची एकही शाळा न चुकणं. रात्री अकराला तो आल्यावर पोरं जागी होऊ नयेत म्हणून कडी न लावता टेकवून ठेवलेलं दार. तिच्या गोष्टीलाही तेच प्रश्न, तोच वेळ, तेच साक्षीदार लागतात. आजवर तिला विचारणारं कोणी नव्हतं, कारण सगळे त्याला सुधारण्यात गुंतले होते.

अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे. माझी विनंती एवढीच, की आधी बायकांनी विचारावं.